दीड मीटरचा माणूस

विलास दाबके रस्ते काढायचा. म्हणजे कागदावर. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात रेडिएटर दुरुस्तीच्या एका गॅरेजच्या डोक्यावर एक सल्लागार कंपनी होती, तिथं तो ड्राफ्ट्समन होता. खालून दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज यायचा आणि वर विलास चौपदरी, सहापदरी रस्ते आखत बसायचा. वळणाची त्रिज्या, दुभाजकाची रुंदी, दिव्याच्या दोन खांबांतलं अंतर, सगळं त्याच्या बोटांत होतं. त्यातल्या एकाही रस्त्यावरून गाडी चालवायची परवानगी मात्र त्याला नव्हती.

ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तो नापास व्हायचा. पहिल्यांदा झाला तेव्हा ऑफिसातल्यांनी समजूत काढली, की इथं पहिल्या खेपेला कुणीच पास होत नाही. पुढं समजूत काढणारे कमी होत गेले. मग त्याच्यानंतर गल्फमध्ये आलेली पोरं मिठाईचा डबा घेऊन त्याच्या टेबलाशी येऊ लागली. लायसन मिळालं की ऑफिसात पेढे वाटायचे, अशी इथली रीत. आणि वाटणाऱ्याचा चेहरा घरात मूल झाल्यासारखा. विलास पेढा खायचा, हात मिळवायचा आणि परत रस्त्याची कड आखायला घ्यायचा. असे किती पेढे खाल्ले ते मोजणं त्यानं सोडून दिलं होतं. वजन तेवढं वाढलं होतं.

त्याला शिकवणारा जहूर पेशावरकडचा, बोलायला मऊ. शेवटच्या परीक्षेनंतर तो विलासला चहाच्या टपरीवर घेऊन गेला आणि म्हणाला, "साब, आप बहुत अच्छा आदमी है. सबको पहले जाने देता है. गाडी को इतना अच्छा आदमी नहीं चाहिए."

विलासनं ते प्रशस्तिपत्रक समजून ठेवून घेतलं. दुसरं मिळण्याची शक्यता नव्हती.

सायकल त्याला अजीजनं दिली. अजीज मुकादम मूळचा रत्नागिरीच्या राजिवड्याचा, ऑफिसपासून थोड्याच अंतरावर त्याचं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. त्याच्याकडचा एक कामगार कायमचा गावी गेला तेव्हा त्याची काळी, जड, पुढं जाळीचं कॅरिअर असलेली सायकल दुकानामागं पडून होती.

"ने," अजीज म्हणाला. "टॅक्सीवाल्यांची घरं किती दिवस चालवशील?"

विलासनं ती नेली. सायकल आधी आली आणि विचार मागाहून. पण मागाहून आला तो असा आला, की विलासला स्वतःलाच वाटायला लागलं, हा आपल्यात जन्मापासूनच होता. त्यानं वाचनालयातून पुस्तकं आणली. फुप्फुसं, गुडघे, हवेतला धूर, हॉलंडमधले सायकलवरून कचेरीत जाणारे पंतप्रधान, सगळं त्याच्या बोलण्यात यायला लागलं. कुणी विचारलं, "अजून गाडी नाही घेतली?" तर पूर्वी तो खाली बघायचा, आता समोरच्याकडं कीव आल्यासारखं बघायचा. नापास झालेल्या माणसाला तत्त्व सापडलं की तो किती उंच होतो, ते त्या दिवसांत विलासकडं बघून कळलं असतं. नापास होण्याचा विषय मात्र त्यानं कुणापाशी काढणं बंद केलं.

हिवाळ्यात मराठी मंडळात त्याचं भाषण झालं. विषय, 'शहर, श्वास आणि सायकल'. तीन श लागोपाठ आले म्हणून तो आठवडाभर खूश होता, मग लक्षात आलं की तिसरा स आहे. भाषण मात्र रंगलं. आपण यंत्रांच्या पोटात बसून आयुष्य घालवतो, असं एक वाक्य त्यानं दोनदा म्हटलं. शेवटी त्यानं 'सायकल शुक्रवार' जाहीर केला: दर शुक्रवारी सकाळी सगळ्यांनी सायकली घेऊन खाडीकाठी जमायचं. टाळ्या पडल्या. चिटणीस मुरलीधरपंत तर त्याचा हात सोडेनात.

"विलासराव, डोळ्यांत पाणी आणलंत," ते म्हणाले. "चला, घरी सोडतो तुम्हाला."

बाहेर गार वारा होता, विलास दमलेला होता. मुरलीधरपंतांच्या डिकीत सायकल अर्धीच मावली. तिचं मागचं चाक बाहेर लोंबत होतं आणि प्रत्येक वळणावर आपोआप फिरत होतं. आरशात त्या चाकाकडं बघत, यंत्राच्या पोटात बसून, विलास घरी आला.

पहिल्या शुक्रवारी खाडीकाठी तो एकटाच होता. दुसऱ्या शुक्रवारी मुरलीधरपंत आले. कुणी आलंय का ते बघायला, गाडीतून. काच खाली करून त्यांनी थर्मासमधला चहा दिला आणि "जमतील हळूहळू" म्हणून निघून गेले.

घरीही फार निराळं नव्हतं. केया तेव्हा सातवीत होती. एकदा तिनं बापाला लिफ्टपाशी गाठलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, प्लीज पार्क इट बिहाइंड द बिल्डिंग. एव्हरीवन थिंक्स यू आर फ्रॉम द ग्रोसरी."

तिचं खोटं नव्हतं. त्या भागात सायकलवरून फिरायचे ते वाणसामान पोचवणारे, इस्त्रीचे कपडे नेणारे आणि गॅरेजमधले मदतनीस. आदल्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी विलासच्या हातातल्या पिशवीत डोकावून विचारलं होतं, "भैया, धनिया लाया?" धनिया होता. विलासनं जुडी काढून त्यांना दिली, आणि घरी येऊन बायकोला, कुंदाला, सांगितलं की आज कोथिंबीर संपली होती.

आता ऑफिसातली गोष्ट. त्या सुमारास कंपनीत हातानं काढायचे नकाशे जाऊन संगणक आले होते. संगणकावर नकाशा एका कागदावर नसतो; काचेवर काच ठेवावी तसा थरांत असतो. एका थरावर रस्ता, एकावर गटारं, एकावर दिवे. या थराला लेअर म्हणायचं. नको असेल तो लेअर गोठवून ठेवायचा, त्याला फ्रीझ करणं म्हणत. मग तो छापला जात नाही. असतो, पण दिसत नाही. विलासला ही कल्पना फार आवडली. ती आपल्यालाही लागू आहे, असं त्याला वाटे.

औद्योगिक क्षेत्रातून वस्तीकडं जाणाऱ्या एका रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम तेव्हा कंपनीकडं होतं. अजीजच्या दुकानावरून जाणारा, विलासचा रोजचा रस्ता. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की विलास त्या नकाशावर आपला एक खासगी लेअर उघडायचा. रस्त्याच्या कडेनं, फुटपाथला लागून, दीड मीटर रुंदीचा सायकलचा मार्ग. लाल विटांचा. नाक्यांवर हलकेच वळणारा, खांब आला की त्याला वळसा घालून जाणारा. तो त्यावर महिनाभर काम करत होता. काही माणसं दुपारी शब्दकोडी सोडवतात, त्यातलाच प्रकार. चुकून पुसला जाऊ नये म्हणून त्यानं लेअरला नाव दिलं होतं, कुंदा. सुट्टी संपली की कुंदाला फ्रीझ करायचं आणि गटारांकडं वळायचं.

नकाशे पाठवायच्या दिवशी घाई झाली. नकाशे छापणाऱ्या प्लॉटरची पेनं वाळलेली, इंजिनिअर अहमद दारात उभे, "यल्ला, मिस्टर विलास, यल्ला" चाललेलं. विलासनं गटारं तपासली, दिवे तपासले, उत्तर दिशेचा बाण तपासला. नकाशे निघाले. अहमदनी सह्या केल्या. पुढच्या कार्यालयात आणखी कुणी आधीची सही बघून सही केली. कंत्राटदारानं नकाशावरून विटा मोजल्या आणि मागवल्या.

हे सगळं विलासला कळलं ते काही महिन्यांनी, खणलेला रस्ता टाळून मागच्या गल्लीनं अजीजच्या दुकानात येऊन चहा पिताना.

"आमच्या दारासमोर ते लाल लाल काय टाकतायत रे?" अजीज म्हणाला. "तुझ्याच ऑफिसचं काम ना?"

विलास कप घेऊनच बाहेर आला. समोर वाळूचा थर सपाट करून त्यावर विटा बसवणं चाललं होतं. विटांची ओळ सरळ येत होती आणि दिव्याच्या खांबापाशी हलकेच वळत होती. ते वळण त्यानं तीन वेळा पुसून चौथ्यांदा काढलं होतं. आपल्या डोक्यातली गोष्ट अशी भर दुपारी उन्हात पडलेली बघून त्याला प्रथम जे वाटलं, तो आनंद होता. तो कपातल्या एका घोटाइतका टिकला.

सरकारी नकाशात न सांगता एक रस्ता घुसवला म्हणजे नोकरी जाणार. इथं नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, केयाची शाळा, फ्रिज, सोफा, सगळं महिनाभरात आवरायचं आणि निघायचं. आणि तिकडं जाऊन लोकांना काय सांगायचं? सायकलच्या विटांवरून आलो?

रात्रीच्या जेवणाआधी त्यानं कुंदाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"लेअरचं नाव काय म्हणालात?"

"कुंदा."

"अहो, माझं नाव कशाला घातलंत त्यात? तुम्हाला हाकलायचं तर एकट्याला हाकललं असतं ना. आता मीही आरोपी."

"मी उद्या जाऊन अहमदना सांगतो."

"सांगा," ती म्हणाली. मग देठ मोडत पुढं म्हणाली, "पण ते भाषणातलं यंत्राचं पोट वगैरे सांगू नका. नुसतं सांगा."

दुसऱ्या दिवशी सांगायची वेळच आली नाही. अहमदनी आल्या आल्या त्याला गाडीत बसवलं. नकाशांची गुंडाळी त्याच्या मांडीवर टाकली. रस्ते खात्याचे मोठे साहेब काम बघायला येणार होते आणि त्यांना काहीतरी विचारायचं होतं. अहमद अलेक्झांड्रियाचे, एरवी गाडीत गाणी लावणारे. आज त्यांनी काहीच लावलं नाही.

साहेब आधीच येऊन उभे होते. पांढरा पायघोळ कंदुरा, पायात चपला, हातात किल्ल्यांचा जुडगा. ते विटांच्या कडेनं थोडे चालले, परत आले आणि चपलेच्या टोकानं एक वीट दाबून बघितली.

"हे काय आहे?"

अहमदनी नकाशा उघडला. विलासनं दुसरं टोक धरलं होतं, म्हणून अहमदची नजर कशी फिरली ते त्याला जवळून दिसलं. नजर लाल पट्टीवरून गेली, खाली कोपऱ्यातल्या सहीवर आली आणि तिथंच थांबली. सही त्यांची स्वतःची होती. तो नकाशा त्यांनी आज पहिल्यांदा वाचला होता. त्यांच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला आणि भुवईपाशी अडकून राहिला.

"सायकल ट्रॅक," अहमद म्हणाले. "मॉडर्न डिझाइन." मग जरा थांबून, "माझे ड्राफ्ट्समन समजावून सांगतील."

साहेब विलासकडं वळले. त्यांचं हिंदी इथल्या जुन्या लोकांसारखं मोडकं पण सराईत होतं. "इधर सायकल कौन चलाता है? इतना गरमी में?"

विलासनं ज्यासाठी रात्री जागून पुस्तकं वाचली होती, तो प्रश्न हाच. श्रोते मिळत नाहीत म्हणून तो वर्षभर कुढत होता. आता शारजातला सगळ्यांत महत्त्वाचा श्रोता त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. त्यानं तोंड उघडलं. फुप्फुसं आली नाहीत, गुडघे आले नाहीत. हॉलंडचे पंतप्रधान तर कुठल्या कुठे गेले होते.

"मैं चलाता है, साब," तो म्हणाला.

"और?"

विलासला दुसरं नाव आठवेना. पण गॅरेजांची जेवणाची सुट्टी झाली होती आणि शटरं अर्धी खाली यायला लागली होती. एकेक करून सायकली बाहेर पडल्या. तेलकट डगल्यातले मेकॅनिक, मागं कुबूसच्या रोट्यांचा क्रेट बांधलेला एकजण, एका हातानं हँगरचे कपडे उंच धरून दुसऱ्या हातानं हँडल सांभाळणारा इस्त्रीवाला. विटा अजून पुऱ्या बसल्या नव्हत्या, तरी सगळे त्याच पट्टीवरून निघाले होते. जिथं विटा संपल्या तिथं ते रस्त्यावर उतरत होते, पुढं परत चढत होते. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. साहेबांना बघून एकदोघांनी सलाम केला.

साहेब बघत राहिले. "ये लोग पहले किधर से जाता था?"

"रोड से, साब. उलटा साइड से."

"और तुम? गाडी नहीं?"

"लायसन नहीं, साब."

"क्यों?"

विलासनं अहमदकडं बघितलं, नकाशाकडं बघितलं. "फेल होता है, साब."

"कितना बार?"

"साब, गिनना छोड दिया."

साहेब हसले. तोंडावर हात धरून, खांदे हलवत बराच वेळ हसले. अहमदही हसले, जरा जास्तच. विलास नकाशाचं टोक धरून उभा होता. भर रस्त्यात आपण हे बोललो आणि आभाळ कोसळलं नाही, याचं त्याला नवल वाटत होतं.

"खलास," साहेब म्हणाले. "सर्दी तक रखो. फिर मैं आएगा. अगर इस पर गाडी पार्क देखा, तो तोड के पार्किंग बनाएगा."

परतताना सिग्नलला गाडी थांबल्यावर अहमदनी विचारलं, "सकाळी मी फाइलमधली लेअरची यादी बघितली होती. हे कुंदा म्हणजे काय?"

"माझी बायको."

अहमदनी मान हलवली. "हबीबी, पुढच्या वेळी बायकोला नकाशात घ्याल तेव्हा छापण्याआधी फ्रीझ करा." सिग्नल हिरवा झाला. "सही माझी, बायको तुमची. दोघांनी गप्प बसायचं."

नोकरी राहिली. विटा पुऱ्या झाल्या. आणि पूर्ण झालेल्या पट्टीवर पहिली गाडी उभी राहिली ती अजीजची पिकअप. तिच्यामागं शेजारच्या बॅटरीवाल्याची, त्याच्यामागं टायरवाल्याची. आठवडाभरात पट्टी दिसेनाशी झाली. सायकलवाले परत रस्त्यावर, उलट्या बाजूनं.

विलास रोज तिथून जायचा आणि रोज उभ्या गाड्या मोजायचा. साहेब आले की पट्टी उखडणार. उखडताना पुन्हा नकाशा उघडणार. आणि अहमद दुसऱ्यांदा हसतील याची खात्री नव्हती. पण खरं सांगायचं तर नोकरीचं भय आता दुसऱ्या नंबरवर गेलं होतं. ते वळण उखडलं जाईल, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

तो अजीजकडं गेला. खुर्चीत बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "अजीज, शहरातली मोकळी जागा ही सगळ्यांची..."

"थांब," अजीज म्हणाला. "शहर नको. धूर नको. माझे गुडघे माझ्याकडं राहू देत. काय झालंय ते सरळ सांग."

विलासनं सरळ सांगितलं. लेअर, कुंदा, अहमदची सही, साहेबांचं फर्मान. अजीजला हसताना ठसका लागला आणि चहा शर्टावर सांडला.

"म्हणजे भाऊ, एवढी भाषणं देऊन तुझ्यानं एक माणूस हलला नाही," तो डोळे पुसत म्हणाला, "आणि एकदा विसरलास तर अख्खा रस्ता झाला?"

"तसंच."

"मग विसरत का नाहीस आणखी? मेहनत कमी पडते."

"गाडी काढशील का?"

अजीजनं बाहेर बघितलं. पिकअप दारात असली की सामान चढवायला सोपं. मागच्या गल्लीत लावायची म्हणजे प्रत्येक गिअरबॉक्स पन्नास पावलं उचलून न्यायचा. त्यानं बराच वेळ दात कोरले.

"काढतो. बॅटरीवाल्याला आणि टायरवाल्यालाही सांगतो, ते माझं ऐकतात. पण एक अट. यापुढं सायकलवर एक शब्द काढायचा नाही. माझ्यापुढं नाही, मंडळात नाही. इन्शाल्ला नीट होईल, ते बोलून बिघडवू नकोस."

विलासला वाटलं होतं तितकी ही अट सोपी नव्हती. पहिले काही आठवडे त्याचे जबडे दुखले. मुरलीधरपंतांनी पुन्हा भाषणाचं विचारलं, त्यानं घशाचं कारण सांगितलं. पट्टीच्या तोंडाशी टायरवाल्यानं वाळू भरलेले दोन जुने टायर आणून ठेवले, मग इतर गाड्याही शिरेनाशा झाल्या. एका सकाळी साहेबांची गाडी पलीकडं येऊन थांबली. काच खाली झाली, थोड्या वेळानं वर झाली, गाडी निघून गेली. त्यानंतर ते आले नाहीत. पुढं त्यांची बदली झाली म्हणे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी विलास पट्टीवर सायकल धरून उभा होता. कुठलीशी वीट खचली होती, ती तो वाकून बघत होता. मागून घंटी वाजली, परत वाजली, मग वाजतच राहिली. त्यानं वळून बघितलं.

अजीज येत होता. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, दुकानातल्या पोराची सायकल, पोट हँडलला टेकलेलं, पुढच्या जाळीत एक कार्ब्युरेटर.

"पिकअप गॅरेजला आहे," विलासनं विचारलं नव्हतं तरी तो लांबूनच म्हणाला. "आणि गिऱ्हाईक थांबलंय तिकडं. टॅक्सी या वेळेला मिळते का?"

विलासच्या घशाशी सगळं एकदम आलं. हवा, धूर, शहर, खुद्द हॉलंडचे पंतप्रधान रांगेत उभे राहिले. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. एवढे मिटले की डोळे मोठे झाले.

"बघतोस काय?" अजीज जवळ येत म्हणाला. त्याला ब्रेक सापडत नव्हता. "बाजूला हो, भाऊ. ही उभं राहायची जागा आहे का?"

विलास सायकलसकट खाली वाळूत उतरला. अजीज त्याच्या जवळून घंटी वाजवत गेला, खांबापाशी पट्टीबरोबर हलकेच वळला, आणि पुढं जाता जाता, मागं न बघता, अजून कुणावर तरी ओरडत होता, की रस्ता सोडा.